नीलगिरीच्या बागा : बर्लियारच्या जायफळापासून अव्हलांचीच्या गवतापर्यंत

उटीची हिरवळ पाहून परतणाऱ्या प्रवाशाला नीलगिरीचा डोंगर मुळातच असा असावा असे वाटणे स्वाभाविक आहे. रस्त्याच्या दोन्ही अंगांना निलगिरीची उंच झाडे, उतारांवर चहा, दऱ्यांत गाजर-बटाट्याचे वाफे आणि अंगणोअंगणी गुलाब, हे सारे तिथे इतके मुरले आहे की यातले जवळजवळ काहीच दोनशे वर्षांपूर्वी तिथे नव्हते, हे ध्यानात येत नाही. कोईमतूरचा कलेक्टर जॉन सलिव्हन 1819 मध्ये या डोंगरावर आला तेव्हा त्याला दिसली ती गवताची अफाट कुरणे, घळींत दाटलेली बुटकी सदाहरित राने, तोडा लोकांच्या म्हशी आणि बडगा लोकांची शेते. पुढच्या साठ-सत्तर वर्षांत डोंगराचे रूप पालटले आणि त्यात सर्वांत मोठा वाटा बागांचा होता. परदेशी झाड आणायचे, रुजवायचे, त्याची हजारो रोपे करायची आणि ती सगळीकडे वाटायची, हे या बागांचे काम. त्या वेगवेगळ्या उंचीवर वसवल्या गेल्या, म्हणून फेब्रुवारीतला हा प्रवासही मी पायथ्याकडून वर असाच आखला.

रविवार : मेट्टुपालयम ते बर्लियार

कोईमतूरहून मेट्टुपालयमकडे येताना सुपारीच्या बागा लागतात आणि त्यांच्या मागे नीलगिरीची भिंत उभी राहते. डोंगरावरचा बटाटा याच गावातल्या मंडईत उतरतो. तो वर नेला सलिव्हनने. बार्ली आणि युरोपातल्या भाज्यांची लागवडही त्यानेच सुरू केली. त्याच्याविषयी आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. या जमिनीवर तोडांचा हक्क आहे, ही भूमिका त्याने सरकारपुढे आग्रहाने मांडली होती. पुढच्या अधिकाऱ्यांनी ती मनावर घेतली असती तर या डोंगराचा इतिहास बराच निराळा झाला असता.

कल्लार मागे टाकून घाट चढू लागलो की हवा दमट आणि उबदार राहते, कडाक्याची थंडी अजून दूर असते. याच पट्ट्यात, कुन्नूर घाटाच्या वाटेवर, बर्लियारची बाग आहे. कलेक्टर ई. बी. थॉमस यांनी सुरू केलेली ही बाग 1871 मध्ये सरकारकडे आली. पूर्वेकडच्या बेटांवरचे मसाले आणि फळे दक्षिण भारतात रुजतात का, हे पाहण्यासाठी इथे जायफळ, लवंग, मँगोस्टीन आणि ड्युरियन लावले गेले. इथल्या उंच, काळसर पानांच्या मँगोस्टीनखाली उभे राहिल्यावर कोकणातल्या माणसाला पाने ओळखीची वाटतात, कारण मँगोस्टीन आणि आपले कोकम एकाच गार्सिनिया वंशातले आहेत. रोप लावल्यापासून फळ धरायला आठ-दहा वर्षे सहज जातात. असे झाड लावणाऱ्याला पुढच्या पिढीचा विचार करावाच लागतो.

जायफळाच्या झाडाशी मी बराच वेळ थांबलो. जर्दाळूएवढे पिवळट फळ पिकले की मधोमध उकलते आणि आत काळ्या, चकचकीत बीला लालभडक जायपत्रीने जाळीसारखा विळखा घातलेला दिसतो. घरात आपण डब्यातून काढतो ती जायपत्री वाळून नारिंगी-तपकिरी झालेली असते, त्यामुळे तिचा हा ओला लाल रंग पाहून आश्चर्य वाटते. जायफळात नर आणि मादी झाडे वेगळी असतात आणि पहिला फुलोरा येईपर्यंत ती ओळखता येत नाहीत. बियांपासून बाग लावली तर निम्मी झाडे वांझ निघण्याचा धोका असतो. मादी झाडाच्या फांदीचे कलम बांधणे हा त्यावरचा उपाय, आणि अशा बागांनी शेतकऱ्याला दिलेली खरी देणगी म्हणजे ही खात्रीची कलमे होत.

सोमवार : कुन्नूर, सिम्स पार्क

कुन्नूरचे सिम्स पार्क 1874 मध्ये एका घळीत आखले गेले. मद्रास सरकारचे सचिव जे. डी. सिम यांनी मेजर मरे यांच्या साहाय्याने ते वसवले. समुद्रसपाटीपासून सुमारे 1,780 मीटर उंची, क्षेत्रफळ सुमारे 12 हेक्टर आणि उतारांच्या तळाशी एक लहानसे तळे, अशी त्याची रचना आहे. ही बाग मला उटीच्या बागेहून अधिक आवडली, आणि त्याचे कारण तिच्या आखणीत आहे. घळीत मुळातले जे रान होते त्यातली झाडे आखणी करणाऱ्यांनी पुष्कळशी तशीच राखली आणि त्यांच्यामध्ये बाहेरची झाडे बसवली. त्यामुळे ऑस्ट्रेलियातल्या अरॉकेरियाच्या सरळसोट खोडाशेजारी डोंगरातलेच शेवाळलेले, वाकडेतिकडे झाड दिसते, त्याखाली वृक्षनेचे पसरलेले असतात आणि एकाच दृष्टिक्षेपात डोंगराचा आधीचा आणि नंतरचा काळ शेजारी शेजारी पाहायला मिळतो.

इथल्या रुद्राक्षाच्या झाडाखाली मराठी, गुजराती, कन्नड अशा सर्व भाषांतले पर्यटक खाली पडलेली फळे शोधत असतात. फळाचा गर निळा असतो, आणि तो कुजून गेल्यावर आतली खाचखळग्यांची बी उरते, तोच रुद्राक्ष. या झाडाचे गोत्रबांधव नीलगिरीच्या मूळ रानातही आहेत, पण त्यांच्याकडे कोणी वाकून पाहत नाही.

मंगळवार : उटीची सरकारी बाग

उटीची बाग सजावटीसाठी निघाली नाही, ती भाजीसाठी निघाली. इथे राहायला आलेल्या युरोपीय रहिवाशांना ताजी भाजी महाग पडत असे. म्हणून 1840 च्या दशकात त्यांनी दरमहा तीन रुपये वर्गणी काढून एक भाजीमळा चालवून पाहिला. तो प्रयोग फार काळ टिकला नाही. मद्रासचे गव्हर्नर मार्क्विस ऑफ ट्वीडेल यांच्या पाठिंब्याने मग रीतसर वनस्पती उद्यानाची योजना ठरली, आणि 1848 मध्ये लंडनजवळच्या क्यू उद्यानात तयार झालेला विल्यम ग्रॅहम मॅकायव्हर हा तरुण माळी इथे आला. त्याच्या वाट्याला आलेली जागा वरच्या बाजूला खडा उतार आणि दाट झाडी, तर खालच्या बाजूला दलदल, अशी होती. तिच्यातून पाणी काढून, उतार कापून आणि पायऱ्या-पायऱ्यांनी सपाटी करून बाग उभी राहायला सुमारे दहा वर्षे लागली. आज 22 हेक्टरांच्या या बागेत खालच्या प्रशस्त हिरवळीवर पाय ठेवताना ती एकेकाळची पाणथळ आहे, हे लक्षात ठेवावे. पाणी वाहून नेणारे चर आणि वरच्या टप्प्यांचे बांध शोधत चालले की त्या माणसाच्या कामाची खोली कळते.

बागेत जगभरातले वृक्ष आहेत. बुचाचे झाड, माकडालाही चढायला अवघड वाटावे असे काटेरी पानांचे अरॉकेरिया, आणि ऑस्ट्रेलियातले कागदी सालीचे मेलाल्युका. मेलाल्युकाच्या खोडाला हात लावला तर तो किंचित आत दबतो. साल म्हणजे पातळ पापुद्र्यांची चळतच, एकावर एक बसलेली, कडेला सुटलेली, बोटांना मऊ आणि कोरडी लागणारी. वणव्यात वरचे पापुद्रे जळाले तरी आतला जीव वाचावा, अशी ही योजना त्या झाडाने आपल्या मूळ देशात साधली आहे. जवळच सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वीचे, दगड झालेले खोड ठेवले आहे. इटालियन बाग म्हणून ओळखला जाणारा भाग इटालियन युद्धकैद्यांनी आखला, असे सांगतात.

आम्ही गेलो तेव्हा मे महिन्यातल्या पुष्पप्रदर्शनाची तयारी चालू होती. हे प्रदर्शन 1896 पासूनचे आहे. छपराखाली मांडलेल्या कुंड्यांच्या रांगांतून एक वयस्कर माळी शेंडे खुडत चालला होता. “सार, आत्ता खुडले तर मे महिन्यात फुटवे जास्त आणि फूल एकाच वेळी,” असे त्याने मोडक्या हिंदीत समजावले. प्रदर्शनाच्या तारखेपासून मागे मोजत पेरणी, खुडणी आणि खताचे दिवस ठरवायचे, हा हिशोब त्याच्या बोटांवर होता.

बागेच्या माथ्यावर तोडांची एक वस्ती आहे, तिथे चढून गेल्याशिवाय ही बाग पाहून झाली असे मी मानणार नाही. तोडांच्या देवघरांची कमानदार छपरे विशिष्ट गवताने शाकारलेली असतात आणि ते गवत डोंगरावरच्या पाणथळ कुरणांतूनच मिळते. खाली सपाट केलेल्या दलदलीचा विचार इथे पुन्हा मनात येतो. एका समाजाच्या पूजेला आणि निवाऱ्याला लागणारी जागा दुसऱ्या समाजाच्या कागदोपत्री पडीक ठरली होती.

परतताना सेंट स्टीफन्स चर्चच्या आवारात गेलो. मॅकायव्हर 1876 मध्ये मरण पावला आणि तिथेच त्याची कबर आहे.

बुधवार : गुलाब, निलगिरी आणि दोड्डबेट्टा

एल्क हिलच्या उतारावरची गुलाबबाग 1995 सालची, पुष्पप्रदर्शनाच्या शतकानिमित्त तयार झालेली. ती पाहायला तासभर पुरतो, आणि छाटणीनंतरचे दिवस असल्याने फुले थोडीच होती.

दोड्डबेट्टा हे 2,637 मीटरचे शिखर नीलगिरीत सर्वांत उंच. त्याच्या वाटेवर दोन्हीकडे निलगिरीची झाडे आहेत आणि पावलाखाली त्यांची कोयत्याच्या आकाराची, उग्र वासाची पाने. हे मूळचे टास्मानियाचे झाड कॅप्टन कॉटन यांनी 1843 मध्ये इथे आणले असे नोंदवलेले आहे. काळ्या लाकडाची आणि इतर ऑस्ट्रेलियन बाभळीची जातही त्याच सुमारास आली. कारण अगदी घरगुती होते. थंडीत शेगड्या पेटत्या ठेवायला रहिवाशांनी घळींतली राने तोडायला सुरुवात केली आणि काही वर्षांत सरपणाची टंचाई भासू लागली. मूळ रानातली झाडे वाढायला फार वेळ लावतात. निलगिरी मात्र झपाट्याने वाढते आणि तोडल्यावर बुंध्यातून पुन्हा फुटते. तेव्हा हे झाड म्हणजे उरलेले रान वाचवण्याचा मार्ग वाटला, आणि काही अंशी तो होताही. पानांपासून तेल काढण्याच्या भट्ट्या अजून रस्त्याकडेला दिसतात. मोठ्या पिंपात पाला दाबून भरायचा, खाली जाळ घालायचा आणि वाफ थंड पाण्यातून जाणाऱ्या नळीने उतरवून घ्यायची. सर्दीत छातीला चोळण्याचे जे तेल आपल्या घरात असते, त्याच्या नावातच हा डोंगर आहे.

लागवडीचा मोठा लोंढा मात्र स्वातंत्र्यानंतर आला. कातडी कमावण्यासाठी लागणारी साल मिळावी म्हणून वॅटल ही ऑस्ट्रेलियन बाभूळ, आणि मेट्टुपालयमजवळ सिरुमुगईच्या व्हिस्कोज (कृत्रिम धाग्याच्या) कारखान्याला लगदा मिळावा म्हणून निलगिरी व वॅटल, यांनी मैलोन् मैल कुरणे झाकून टाकली. इंग्रजांच्या काळातल्या चुकांविषयी आपण मोकळेपणाने लिहितो. ही लागवड आपल्याच सरकारांनी केली, हेही तितक्याच मोकळेपणाने लिहिले पाहिजे.

शिखराजवळ, झाडांच्या फटीत, लाल फुलांनी लगडलेला ऱ्होडोडेंड्रॉन दिसला. हिमालयात ज्याला बुरांस म्हणतात त्याचाच हा दक्षिणेकडचा भाऊ. मध्ये दोन हजारांहून अधिक किलोमीटरचा सपाट, उष्ण प्रदेश आहे, आणि या दोन्ही टोकांना तो टिकून राहिला आहे. कोणत्याही बागेने न आणलेले हे झाड मला त्या दिवसाचे सर्वांत मोठे दर्शन वाटले.

गुरुवार : नडुवट्टम

उटीहून गुडलूरच्या रस्त्याने पायकारा ओलांडून नडुवट्टमला गेलो. नीलगिरीच्या बागांनी माणसाच्या भल्यासाठी केलेले सर्वांत मोठे काम इथे झाले. हिवतापावर त्या काळी एकच खरे औषध होते, सिंकोनाच्या सालीतून निघणारे क्विनाइन, आणि सिंकोना फक्त दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात वाढत असे. 1860 मध्ये क्लेमेंट्स मार्कहॅम यांच्या देखरेखीखाली झाडे आणि बिया मिळवण्याची मोहीम निघाली. मार्कहॅम यांनी स्वतः पेरूमधून आणलेली रोपे इथवर पोहोचून मेली. रिचर्ड स्प्रूस यांनी इक्वेडोरमध्ये जमवलेले लाल सालीच्या सिंकोनाचे बी मात्र रुजले, आणि रोपे वाढवण्याची जबाबदारी मॅकायव्हरवर आली. थोडक्या रोपांपासून छाट आणि दाबकलमे करत त्याने काही वर्षांत लाखो झाडे उभी केली. मळ्यांवर राबायला इतर मजुरांबरोबर मलाक्का सामुद्रधुनीच्या ब्रिटिश वसाहतींतून आणलेले चिनी कैदी होते. त्यांना ठेवलेले तुरुंगाचे आवार नडुवट्टमला आहे.

मॅकायव्हरची सर्वांत कल्पक युक्ती सालीबाबतची होती. साल काढायची तर झाड तोडावे लागे. त्याने पाहिले की साल उभ्या पट्ट्यांनी काढली, मधले पट्टे तसेच ठेवले आणि उघड्या खोडाभोवती ओले शेवाळ गुंडाळून बांधले, तर त्याखाली नवी साल धरते आणि तिच्यात औषधी अंश पहिल्यापेक्षा जास्त असतो. म्हणजे झाड जिवंत ठेवून पुन्हा पुन्हा साल घेता येते. बागकाम करणाऱ्या माणसाने रोज खोडाशी बसून पाहिल्याशिवाय अशी गोष्ट सुचत नाही. पुढे जावामध्ये डचांनी चार्ल्स लेजर या ब्रिटिश व्यापाऱ्याकडून मिळालेल्या, क्विनाइनचे प्रमाण फार अधिक असलेल्या जातीची लागवड केली आणि जगाची बाजारपेठ त्यांच्याकडे गेली. पण नीलगिरीच्या आणि दार्जिलिंगच्या सिंकोनामुळेच हे औषध देशातल्या सामान्य माणसाच्या पैशात बसू लागले आणि टपाल कचेऱ्यांतून त्याच्या पुड्या विकल्या गेल्या. आपल्याकडे महाबळेश्वरजवळ लिंगमळ्यालाही 1860 च्या दशकात सिंकोना लावून पाहिला होता. तिथल्या धुवाधार पावसात तो टिकला नाही.

याच डोंगराच्या उत्तरेकडच्या सिगूर घाटात 1897 च्या उन्हाळ्यात रोनाल्ड रॉस हिवतापाचा शोध घेत उतरले आणि स्वतःच तापाने आजारी पडले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सिकंदराबादेत त्यांना डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू सापडले. औषधाचे झाड माथ्यावर आणि रोग पायथ्याशी, एवढे दोन्ही जवळ होते.

आज सिंकोनाच्या जुन्या जमिनीवर बव्हंशी तमिळनाडू सरकारच्या टॅनटी या महामंडळाचा चहा आहे. श्रीलंकेतून परत आलेल्या तमिळ कुटुंबांना काम मिळावे म्हणून हे मळे उभे राहिले. उरलेली सिंकोनाची झाडे शोधावी लागतात.

शुक्रवार : अव्हलांची

अव्हलांचीच्या रानात वनखात्याच्या गाडीतूनच जावे लागते, आणि ते योग्य आहे. इमराल्डच्या पुढे चहा आणि भाजीचे मळे संपले की पहिल्यांदा मूळ नीलगिरी दिसते. घळींत शोला, आणि दोन शोलांच्या मधल्या उतारांवर गवत. शोला म्हणजे फार उंच न वाढणाऱ्या, घुमटासारख्या माथ्यांच्या झाडांचे दाट रान. त्यात जांभळाच्या कुळातली झाडे आहेत, दालचिनीचे भाऊबंद आहेत आणि नीलगिरीचा म्हणूनच ओळखला जाणारा पांढऱ्या फुलांचा चाफा आहे. उतारावर हिवाळ्यात पडणारे गोठलेले दहिवर कोवळ्या झाडांना मारते आणि गवताला मारत नाही, म्हणून रान घळ सोडून सहसा वर चढत नाही. गवताची मुळे आणि शोलातला कुजका पालापाचोळा पावसाचे पाणी धरून ठेवतात आणि उन्हाळाभर ते थोडे थोडे सोडतात. भवानी आणि मोयार या नद्यांना, आणि त्यांच्यावरच्या शेतांना व वीजघरांना, हेच पाणी मिळते.

कोईमतूर-नीलगिरीत काम करणारे वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइट यांनी या वनस्पतींची बारकाईने नोंद केली आणि त्यांची चित्रे रंगय्या व गोविंदू या भारतीय चित्रकारांनी काढली. इथल्या कित्येक झाडांच्या शास्त्रीय नावांत वाइट आहेत, चित्रकार मात्र फार थोड्यांना ठाऊक आहेत. मॅकायव्हर परदेशी झाडे रुजवत होता त्याच काळात ही माणसे डोंगराची स्वतःची झाडे कागदावर उतरवत होती, हे मला फार मोलाचे वाटते.

उतारावर कुरिंजीची झुडपे होती. ती आपल्या सह्याद्रीतल्या कारवीच्याच वंशातली. कारवी सात वर्षांनी फुलते, नीलकुरिंजी बारा वर्षांनी. 2018 मध्ये ती फुलली होती. फुलून, बी टाकून झुडूप मरते आणि त्याच मातीत नवी पिढी उगवते. मधल्या काळात उतारावर वॅटल शिरले तर ते बी सावलीखाली सापडते.

वाटेत पिवळ्या फुलोऱ्याने झाकलेले वॅटलचे पट्टे सतत दिसत होते. फेब्रुवारीत ते दिसायला सुंदर असतात. वनखात्याने काही ठिकाणी ते तोडून गवत परत आणण्याचे काम हाती घेतले आहे. सोबतच्या वनरक्षकाने एका मोकळ्या केलेल्या उतारावर नेऊन दाखवले. वॅटलचे बी कठीण कवचाचे असते आणि जमिनीत कित्येक वर्षे जिवंत राहते. झाड तोडून ऊन पडले की ते एकदम उगवते, म्हणून तोडणीनंतर दरवर्षी रोपे उपटावी लागतात. गवताचे बी पेरून नेहमी भागत नाही, तेव्हा शाबूत कुरणातून ठोंब काढून, ते वेगळे करून, पावसाच्या तोंडावर लावतात. आणि सगळीकडे तोडणी करणे शहाणपणाचे नसते, कारण घळीलगतच्या जुन्या वॅटलच्या सावलीत शोलाची रोपे आपोआप वर येतात. ती मोठी होईपर्यंत वॅटलला तिथे राहू द्यावे, असे काही अभ्यासकांचे म्हणणे आहे. मला ते पटले, कारण त्याच वाटेवर वॅटलच्या पायाशी जांभळाच्या कुळातली कोवळी, तांबूस पानांची रोपे मी स्वतः पाहिली.

ठोंब कसे वेगळे करायचे, कोणत्या आठवड्यात लावायचे, कोणती रोपे सावलीत ठेवायची आणि कोणती उन्हात, हे सगळे ज्ञान मॅकायव्हरच्या बागेतले आहे आणि ते आज उटी-कुन्नूरच्या माळ्यांच्या हातांत जिवंत आहे. मे महिन्याच्या प्रदर्शनासाठी हजारो कुंड्या तयार करणाऱ्या त्या बागेने शोलाच्या झाडांची आणि नीलगिरीच्या गवताची रोपेही तितक्याच हौसेने वाढवावीत, आणि प्रदर्शनात त्यांना दर्शनी जागा द्यावी, असे मला मनापासून वाटते. अव्हलांचीच्या उतारांना पुढची अनेक वर्षे अशी रोपे लागणार आहेत.